हात बसतो म्हणजे मेंदूत नक्की काय बसतं, आणि त्या हिशोबाने सराव कसा करायचा

आधी एक प्रयोग करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. एक जाडजूड पुस्तक डाव्या तळहातावर ठेवा, कोपर काटकोनात, हात हवेत, कुठे टेकवायचा नाही. आता उजव्या हाताने ते पुस्तक स्वतःच उचला. डावा हात जवळजवळ हलतच नाही. परत ठेवा आणि आता दुसऱ्या कुणाला तरी ते झटकन उचलायला सांगा, तुम्ही डोळे उघडे ठेवून बघत असलात तरी चालेल. डावा हात टुणकन वर उडतो, आणि ठरवून थांबवायला गेलं तरी थांबत नाही. वजन तेच, हात तोच, आणि उचलणार आहेत हे तुम्हाला माहीतही आहे. फरक एवढाच की पहिल्या वेळी उचलायचा हुकूम तुमच्याच मेंदूने काढला होता, म्हणून वजन नेमकं कोणत्या क्षणी जाणार याचा त्याला आधीच अंदाज होता आणि त्याच क्षणी त्याने डाव्या हाताचा जोर काढून घेतला.

कौशल्याची सगळी गोष्ट या एका प्रयोगात आहे. हात बसला असं आपण म्हणतो तेव्हा हातात फारसं काही बदललेलं नसतं, बोटं तीच असतात, मेंदूचा अंदाज पक्का झालेला असतो की मी असा हुकूम काढला की असं असं होईल. त्यामुळे टायपिंग असो, वाद्य असो, टेनिसची सर्व्हिस असो, विणकाम असो की डाव्या हाताने लिहायला शिकणं असो, सराव म्हणजे तीच हालचाल शंभर वेळा काढणं नाही, सराव म्हणजे मेंदूला अंदाज बांधायला लावणं आणि तो कुठे चुकला ते त्याला कळू देणं. खाली जे काही सांगतोय ते सगळं यावरच उभं आहे, आणि बरंचसं आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे.

मेंदूला अंदाज का बांधावा लागतो

कारण त्याला सगळं उशिरा कळतं. डोळ्यांनी चूक पाहिली, तिथून हात दुरुस्त व्हायला सुरुवात होईपर्यंत साधारण १०० ते २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग. ऐकायला कमी वाटतं पण पटापट टायपिंग करणाऱ्याची तेवढ्या वेळात पुढची की दाबूनही झालेली असते. १९५१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला होता की वाद्य वाजवणाऱ्याची बोटं इतकी भराभर चालतात की एका बोटाची खबर मेंदूपर्यंत जाऊन मग दुसऱ्याला हुकूम निघतो हे शक्यच नाही, म्हणजे पुढचा अख्खा तुकडा आधीच तयार असला पाहिजे. आणि तो तसा असतो. १९६५ मध्ये जर्मनीत कॉर्नह्युबर आणि डीके यांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून दाखवलं की माणूस आपल्या मर्जीने नुसतं बोट हलवतो तेव्हा सुद्धा हालचालीच्या सेकंदभर आधीपासून मेंदूत विजेचा एक संथ चढ सुरू झालेला असतो.

कोण काय करतं ते थोडक्यात, कारण पुढे ही नावं लागतील. वस्तू कुठे आहे आणि माझा हात कुठे आहे याचा मेळ डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात बसतो, ज्याला परायटल म्हणतात. त्याच्या पुढे, कपाळाच्या बाजूला, हालचालीचा क्रम ठरतो. मग मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यातून, हुकूम सुटतो आणि मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत जातो, वाटेत मेंदूच्या देठाशी बहुतेक तंतू बाजू बदलतात म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. खोल आत बेसल गँग्लिया नावाचा पुंजका आहे, कोणती हालचाल सोडायची, कोणती दाबून धरायची आणि किती जोमाने करायची याच्यात त्याचा मोठा हात असतो. पार्किन्सन्स या आजारात तिथलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं म्हणून पाऊल उचलायलाच अडतं. आणि गंमत बघा, त्याच माणसासमोर जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर अनेकदा तो त्या ओलांडत बराच नीट चालतो, कारण बाहेरून खूण मिळाली की हुकूम सुटायला दुसरी वाट सापडते.

राहिला लहान मेंदू, मानेच्या वर मागच्या बाजूला असतो तो, सेरेबेलम. आकाराने अख्ख्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा, पण माणसाच्या मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या त्याच्यात आहेत. हुकूम निघाला की त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते, हुकुमाने काय व्हायला हवं याचा अंदाज तिथे बांधला जातो, आणि नंतर खरी खबर आली की दोन्हींतली तफावत बघून पुढच्या वेळचा अंदाज सुधारला जातो. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारणही हेच, स्पर्श कुठे आणि कधी होणार ते आधीच माहीत असतं म्हणून मेंदू तो फिका करून टाकतो.

आता सरावाकडे वळू.

लक्ष शेवटावर ठेवा, हातावर नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने हातोडा मारणाऱ्या मुरलेल्या कामगारांच्या हातावर छोटे दिवे लावून त्यांच्या हालचालीचे फोटो काढले. माणूस एवढा तयार म्हटल्यावर खांदा, कोपर, मनगट दर वेळी एकाच वाटेने जात असणार असं वाटतं ना, पण तसं नव्हतं. सांधे दर घावाला थोडे वेगवेगळे वळत होते आणि तरी हातोड्याचं टोक बरोबर जागेवर पडत होतं. खांदा थोडा इकडे गेला तर कोपर तिकडे जाऊन भरपाई करत होतं. म्हणजे मेंदू सांध्यांची वाट पाठ करत नाही, तो शेवटचा परिणाम पकडून ठेवतो आणि सांध्यांना आपापसात जुळवून घ्यायची मोकळीक देतो.

घरी करून बघायचं असेल तर कागदावर सही करा, मग तीच सही मोठ्या फळ्यावर किंवा भिंतीसमोर हवेत मोठी करा. कागदावर बोटं आणि मनगट चालतं, फळ्यावर खांदा आणि कोपर, स्नायू अगदी वेगळे, तरी वळण तुमचंच येतं. पायाच्या अंगठ्याने वाळूत लिहिलं तरी थोडंफार तुमचंच दिसतं. कारण साठवलेला असतो तो आकार, स्नायूंची यादी नाही.

अजून एक, टेबलावर उलटा ठेवलेला ग्लास सरळ करायचा असला की तुम्ही तो कसा पकडता ते बघा. बहुतेक लोक अंगठा खाली करून, हात वेडावाकडा पिळून पकडतात, म्हणजे ग्लास सरळ झाल्यावर हात आरामात येतो. सुरुवातीची अडचण चालते पण शेवट सोयीचा हवा. डेव्हिड रोझेनबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लाकडी दांडी उचलून ठेवायला लावून हे नीट तपासलं. मेंदू हालचालीचा विचार शेवटाकडून मागे करतो.

मग आपण काय करायचं? स्वतःला सूचना देताना शरीराच्या भागाचं नाव घ्यायचं नाही, परिणामाचं घ्यायचं. "मनगट असं वळव" च्या ऐवजी "चेंडू त्या कोपऱ्यात जाऊ दे". "बोट वाकवून दाब" च्या ऐवजी "आवाज छोटा आणि स्वच्छ येऊ दे". "कोपर आत घे" च्या ऐवजी "पेनाची रेघ सरळ वर जाऊ दे". जर्मनीत गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्की शिकवायच्या मशीनवर लोकांना उभं केलं, काहींना सांगितलं पायांवर लक्ष द्या, काहींना सांगितलं पायाखालच्या चाकांवर लक्ष द्या. पाय आणि चाकं यात अंतर ते किती, पण चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगले शिकले. पुढे कितीतरी वेगवेगळ्या कौशल्यांत हे दिसलं.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. अगदी पहिले काही दिवस, जेव्हा पकडायचं कसं आणि उभं राहायचं कसं हेच माहीत नसतं, तेव्हा हातापायाकडे बघावंच लागतं, आणि चुकीच्या पकडीमुळे दुखत असेल तर तेव्हाही. एक-दोन गोष्टी अशा नीट लावून घ्या आणि मग लक्ष तिथून काढून बाहेर न्या. अनेक जण आयुष्यभर पहिल्याच पायरीवर राहतात, स्वतःच्या बोटांवर पहारा देत.

शेवटाचं चित्र, म्हणजे काय करायचंय ती योजना, ही ताकदीपेक्षा वेगळी चीज आहे याचा पुरावा आजारातूनही मिळतो. अ‍ॅप्रॅक्सिया नावाची अवस्था असते, १९०० च्या सुमारास ह्युगो लीपमान यांनी बर्लिनमध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. हातात ताकद आहे, बोललेलं समजतंय, पण "कंगवा कसा फिरवतात ते दाखवा" म्हटलं की जमत नाही, आणि तोच माणूस सकाळी आरशासमोर आपसूक केस विंचरून मोकळा होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत हे बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाल्यावर दिसतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कधी अचानक हाताचं काम बिघडलं, वस्तू गळायला लागल्या, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर तो सरावाचा विषय नाही, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठायचं.

नजर हाताच्या पुढे पळू द्या

स्वीडनमध्ये रोलंड योहान्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लोकांना एक छोटी दांडी उचलून अडथळ्याला वळसा घालून एका बटणाला लावायला सांगितली आणि डोळे कुठे बघतात ते मोजलं. डोळे आधी पकडायच्या जागेवर, मग अडथळ्याच्या टोकावर, मग बटणावर, आणि हात तिथे पोचायच्या आत नजर पुढच्या जागेवर निघालेली. स्वतःचा हात किंवा हातातली दांडी याकडे जवळपास कुणी बघितलंच नाही. नजर म्हणजे मेंदूचं पुढचं लक्ष्य, ती हातावर अडकली की पुढची योजना आखायला माहितीच मिळत नाही.

म्हणून टायपिंग शिकताना कीबोर्डकडे न बघता पुढच्या शब्दाकडे बघा, लिहिताना पेनाच्या टोकाकडे टक लावू नका तर अक्षर जिथे संपणार तिथे बघा, वाद्यावर हात सरकवायचा असेल तर आधी जिथे पोचायचं तिथे नजर टाका आणि मग हात सोडा. सुरुवातीला चुका वाढतील. हात कुठे आहे हे न बघता कळायची एक स्वतंत्र जाणीव असते, स्नायू आणि सांध्यांतून येणारी, तिला काम मिळाल्याशिवाय ती तरबेज होत नाही, आणि सारखं बघत राहिलं तर तिला काम मिळतच नाही.

चूक लपवू नका, ती मेंदूची कमाई आहे

१९९४ मध्ये रेझा शादमेहर आणि मुसा-इवाल्डी यांनी लोकांच्या हातात एका रोबोटचा दांडा दिला आणि समोरच्या खुणेपर्यंत सरळ न्यायला सांगितलं. रोबोट मधेच हाताला बाजूला ढकलायचा. पहिल्यांदा सगळ्यांचे हात वाकडे गेले, थोड्या वेळाने पुन्हा सरळ जायला लागले. आता खरी मजा, मधेच न सांगता ढकलणं बंद केलं, तर हात उलट्या बाजूला वाकडा गेला! म्हणजे लोक नुसते घट्ट धरून बसले नव्हते, मेंदूने त्या ढकलण्याचा अंदाज बांधून आधीच उलटा जोर लावायला सुरुवात केली होती. वस्तू बाजूला सरकलेल्या दाखवणारा लोलकाचा (प्रिझमचा) चष्मा घालून चेंडू फेकायला लावला तरी असंच होतं, थोड्या फेकींत नेम जमतो आणि चष्मा काढला की नेम उलट बाजूला चुकतो. लहान मेंदूला इजा झालेल्या अनेक रुग्णांना मात्र असं जुळवून घेता येत नाही, फेक चुकते, चुकलेली दिसतेही, आणि पुढची परत तशीच चुकते.

तर चूक दिसली पाहिजे. पण कशी आणि कधी दिसली पाहिजे यात मेख आहे. दर वेळी लगेच कुणीतरी सांगितलं की एवढं डावीकडे गेलं, तर मेंदू स्वतः तफावत काढायचं सोडून देतो आणि त्या सांगण्यावर टेकून राहतो. कॅरोलीन विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत ज्यांना निम्म्याच प्रयत्नांनंतर निकाल सांगितला, ते दर वेळी निकाल मिळणाऱ्यांपेक्षा नंतरच्या परीक्षेत सरस ठरले.

हे रोजच्या सरावात आणायची मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे आधी बोला, मग बघा. चेंडू फेकला की नजर लगेच दुसरीकडे वळवा आणि मनात म्हणा "थोडा उजवीकडे आणि लांब गेला", मग बघा. टायपिंगची ओळ संपली की स्क्रीन न बघता सांगा कितव्या शब्दात चुकलं, मग बघा. वाजवून झालं की आधी सांगा कुठे लय ढळली, मग रेकॉर्डिंग ऐका. सुरुवातीला तुमचं सांगणं आणि खरं यात बरंच अंतर असेल. ते अंतर कमी होत जाणं हीच प्रगती, आणि कितीदा तरी हाताची प्रगती दिसायच्या आधी ही दिसते. व्हिडिओ काढत असाल तर पाच-सहा प्रयत्नांनंतर एकदा बघा, प्रत्येकानंतर नको. आणि दुसऱ्याला शिकवत असाल तर कृपा करून त्याला दर प्रयत्नानंतर सुधारू नका, त्यालाच विचारा "कसं गेलं?" आणि थांबा.

हळू करायचं की जोरात

"हळूहळू कर, वेग आपोआप येईल" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि ते अर्धं खरं आहे. वेग वाढला की अचूकपणा कमी होतो हे रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच मोजलं होतं. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी त्याचं गणितच मांडलं, लक्ष्याचं अंतर दुप्पट केलं की हात पोचायचा वेळ एका ठराविक मापाने वाढतो, आणि लक्ष्याची रुंदी निम्मी केली तरी बरोबर तेवढ्याच मापाने वाढतो. म्हणजे काम सोपं करायला वेग कमी करणं हा एकच मार्ग नाही, लक्ष्य मोठं करा किंवा जवळ आणा, तेवढाच आराम मिळतो आणि वेग तोच ठेवता येतो.

हे कामाचं आहे, कारण काही हालचालींत वेग हा हालचालीचाच भाग असतो. सर्व्हिस, फेक, उडी, झटक्यात घ्यायचा सूर, या गोष्टी अगदी सावकाश केल्या तर ती वेगळीच हालचाल होते, कारण जोरात फिरणारा हात स्वतःच्या वजनाने बाकीच्या सांध्यांना ओढतो आणि ती ओढ सांभाळायचा अंदाज सावकाश करताना लागतच नाही. अशा ठिकाणी छोटा तुकडा घ्या आणि तो खऱ्या वेगात करा, लक्ष्य मोठं ठेवून, आणि मग लक्ष्य बारीक करत जा. उलट टायपिंग, विणकाम, अक्षर यांसारख्या क्रमाच्या कामात आधी हळू चालेल, कारण तिथे आधी क्रम पक्का व्हायचा असतो. पण तिथेही अधूनमधून दोन-तीन सेकंदांचा तुकडा पूर्ण वेगात काढून बघा, चुकला तरी.

तेच ते करू नका, मिसळा

हे पटायला सगळ्यात अवघड जातं. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली लोकांना शिकवल्या, एका गटाला आधी पहिलीचे सगळे प्रयत्न, मग दुसरीचे, मग तिसरीचे, आणि दुसऱ्या गटाला तिन्ही मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट झकास दिसत होता. पण नंतर परीक्षा घेतली, दहा मिनिटांनी आणि दहा दिवसांनी, तेव्हा मिसळून करणारे पुढे निघाले. एकच गोष्ट सलग करताना मेंदूला योजना एकदाच आखावी लागते, पुढच्या वेळी ती तयारच असते, त्यामुळे छान वाटतं पण आखायचा सराव होत नाही. मिसळलं की दर वेळी नव्याने आखावी लागते, आणि खऱ्या खेळात किंवा कामात तेच तर करायचं असतं.

केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेम धरून फेकायला लावल्या, काही मुलांनी ३ फुटांवरूनच सराव केला, काहींनी फक्त २ आणि ४ फुटांवरून. परीक्षा घेतली ३ फुटांवर, आणि जिंकली ती मुलं ज्यांनी ३ फुटांवरून सराव केलाच नव्हता! वेगवेगळी अंतरं फेकून त्यांच्या मेंदूला नियम सापडला होता, बाकीच्यांना एक उत्तर पाठ झालं होतं.

पहिल्या दिवशी, हालचाल अजिबात कळत नसताना, सलग करा, हरकत नाही. एकदा कशीबशी जमायला लागली की लगेच मिसळायला सुरुवात करा. अंतर बदला, वेग बदला, उभं राहून, बसून, वेगळ्या पेनाने, वेगळ्या खुर्चीवर, तीन-चार तुकडे पत्त्यांसारखे पिसून. सरावात आज कालच्यापेक्षा वाईट झालं असं वाटेल, ते वाटणं धरून बसू नका.

किती वेळ आणि कधी थांबायचं

१९७८ मध्येच ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी पोस्टातल्या कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना वेगवेगळी वेळापत्रकं दिली. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सगळ्यात कमी लागले, रोज दोनदा दोन-दोन तास शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त. अर्थात एक तासवाल्यांना दिवस जास्त लागले, आणि तेच सगळ्यात नाराज होते, आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं.

वाटून केल्याचा फायदा का होतो, तर शिकलेलं थांबल्यानंतरही मुरत असतं. शादमेहर यांच्याच गटाने १९९६ मध्ये दाखवलं की एका दिशेने ढकलणाऱ्या रोबोटशी जुळवून घेतल्यावर लगेच उलट दिशेने ढकलणारा दिला तर पहिलं शिकलेलं पुसलं जातं, मध्ये चार तास गेले तर टिकतं. इथे मिसळण्याच्या सल्ल्याशी भांडण आहे असं वाटेल, पण तसं नाही, तिथे ओळखता येण्यासारख्या वेगळ्या गोष्टी मिसळायच्या होत्या, इथे दिसायला अगदी सारख्या पण नेमक्या उलट गोष्टी आहेत. म्हणजे नवीन पकड शिकलात तर त्याच तासात जुनी पकड परत करू नका, आणि दिसायला जुळ्या पण बोटांचा क्रम उलटा असलेल्या दोन गोष्टी एकाच बैठकीत सुरू करू नका, एक सकाळी, एक संध्याकाळी.

आणि मुरलेलं तुम्हाला आठवेलच असंही नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाची १९५३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर घडलेलं काही त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना फक्त आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत हात छान सुधारला, आणि दर वेळी त्यांच्या मते ते हे काम पहिल्यांदाच करत होते. १९६२ मध्ये मिल्नर यांनी हे मांडलं. हाताची शिकवण आणि घटनांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या जागी राहते, म्हणून "मला काही आठवत नाहीये, सगळं विसरलो" असं वाटलं तरी हात सुरू करा आणि बघा.

लोकांसमोर हात का गडबडतो

पॉल फिट्स आणि मायकल पॉस्नर यांनी १९६७ मध्ये तीन टप्पे सांगितले, आधी विचार करून करणं, मग जोडत जाणं, मग आपोआप होणं. तिसऱ्या टप्प्यात पोचलेला माणूस दडपणाखाली परत पहिल्यासारखा एकेक पायरी तपासायला लागतो आणि तिथेच घसरतो. सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की तयार फुटबॉल खेळाडूंना चेंडू पायाच्या कोणत्या बाजूला लागतोय यावर लक्ष द्यायला लावलं की ते मंदावतात, आणि नवख्यांना उलट त्याचा उपयोग होतो. उपाय दोन. एक, करायच्या क्षणी मनात फक्त शेवटाचं चित्र किंवा एखादा शब्द ठेवा, लय धरणारा. दोन, सरावातच बघणारे डोळे आणा, मोबाईल समोर लावून रेकॉर्ड करा, घरातल्या कुणाला बसवा. गोल्फच्या एका प्रयोगात कॅमेऱ्यासमोर सराव केलेले लोक पुढे दडपणात ढासळले नाहीत.

अर्ध्या तासाची बैठक कशी लावायची

पहिले तीन-चार प्रयत्न हात आधी गरम न करता, थेट, आणि ते लिहून ठेवा कसे गेले. हे कालच्या शिकण्याचं खरं माप आहे, बैठकीच्या शेवटी जे छान जमतं ते माप नाही, तो त्या वेळचा ताव असतो. मग दहा मिनिटं एकच अडलेला तुकडा, लक्ष्य मोठं किंवा जवळ करून, आधी बोला मग बघा ही पद्धत धरून. मध्ये मधे हात खाली सोडून दहा-पंधरा सेकंद नुसते थांबा. पुढची दहा-बारा मिनिटं मिसळून, जुनं-नवं, अंतर-वेग बदलत, सूचना फक्त परिणामाच्या. शेवटची दोन-तीन मिनिटं कॅमेरा लावून एकदाच पूर्ण, मधे न थांबता, चुकलं तरी पुढे जायचं. दुखायला लागलं तर तिथेच बंद, दुखणारा हात दुखणं टाळणारी हालचाल शिकतो आणि मग ती काढायला वेगळा सराव लागतो.

आठवड्याने ते लिहून ठेवलेले पहिले तीन-चार प्रयत्न एकाखाली एक बघा. ते सुधारत असतील तर बैठक कितीही वाईट वाटो, काही बदलू नका. ते जागेवरच असतील आणि बैठकीचा शेवट मात्र रोज मस्त होत असेल, तर मिसळणं वाढवा आणि निकाल बघणं कमी करा, बहुतेक वेळा अडचण तिथेच असते.